भुयारी मार्गाखालून मलवाहिनी: अडकलेल्या एका ट्रेंचलेस (रस्ता न खोदता करायच्या) कामाचा प्रकरण अभ्यास

या प्रकरणातलं शहर, यंत्रणा आणि ठेकेदार यांची ओळख काढून टाकली आहे, आणि आकडे गोल केले आहेत. काम संपल्यावर झालेल्या तांत्रिक आढाव्यात मी होतो. बैठकांची इतिवृत्तं, मशीनच्या नोंदी आणि साइटवरच्या लोकांनी सांगितलेलं, या तिन्हींच्या आधारे हे लिहिलं आहे.

पार्श्वभूमी

जुन्या वस्तीतला पाच रस्त्यांचा चौक. त्याच्या खालून ६०० मिमी व्यासाची स्टोनवेअर मलवाहिनी जात होती. वरच्या अंगाला इमारतींची उंची वाढत गेली, सांडपाणी वाढलं, पण वाहिनी तीच राहिली. जोराचा पाऊस झाला की चौकाच्या वरच्या बाजूची मॅनहोल उलटून वाहू लागत. कॅमेरा घालून तपासणी केली तेव्हा सांधे सरकलेले दिसले आणि दोन ठिकाणी छताचे तुकडे आत पडलेले दिसले.

नवी वाहिनी १,२०० मिमी आतल्या व्यासाची, ५०० ला १ उताराची ठरली. चौकाच्या एका बाजूच्या मॅनहोलपासून पलीकडच्या मॅनहोलपर्यंत लांबी १६८ मीटर, तळपातळी रस्त्यापासून सुमारे ७.२ मीटर खाली. दोन्ही टोकांची पातळी पक्की होती, कारण पुढची आणि मागची वाहिनी आधीच टाकून झाली होती. मधला हा तुकडाच उरला होता. अवघड तुकडा शेवटी ठेवायचा, ही सवय या धंद्यात जुनी आहे. तिचा तोटा असा की शेवटी पातळीत फेरफार करायला जागा राहत नाही.

जमीन अशी होती: वरचे दोन मीटर भराव, मग पाच मीटरपर्यंत घट्ट गाळमिश्रित चिकणमाती, त्याखाली बारीक ते मध्यम वाळू आणि अधूनमधून गोटे. भूजल २.८ मीटरवर. म्हणजे वाहिनी पूर्णपणे पाण्याखालच्या वाळूतून जाणार होती. चौकात वरच्या दोन-अडीच मीटरमध्ये ६०० मिमीची जुनी बिडाची जलवाहिनी, उच्चदाबाच्या केबल, गॅस आणि दूरसंचाराचे डक्ट होते. शिवाय चौकाच्या मधोमध, वाहिनीला काटकोनात, पादचाऱ्यांसाठी बांधलेला आणि पुढे बंद पडलेला एक भुयारी मार्ग होता. त्याच्या तळाच्या स्लॅबची खालची बाजू ४.५ मीटरवर. नव्या पाइपची वरची बाजू येत होती ५.९ मीटरच्या आसपास. मधलं अंतर जवळपास पाइपच्या एका व्यासाइतकं.

अडचण

चौक उघडा खोदणं कुणालाच नको होतं. पण ‘नको’ म्हणून भागत नाही. न खोदता काम होईल हे दाखवावं लागतं. चार अटी एकाच वेळी पाळायच्या होत्या. उतार अचूक हवा, कारण सांडपाणी गुरुत्वावरच वाहणार होतं. भूजल उपसायचं नाही, कारण चिकणमातीतलं पाणी कमी झालं की ती दबते आणि आजूबाजूच्या उथळ पायाच्या इमारती खचतात. बिडाच्या जलवाहिनीखालची जमीन १० मिमीपेक्षा जास्त बसता कामा नये, कारण तिचे सांधे शिसं ओतून केलेले होते. आणि काम चालू असताना चौकातली वाहतूक थांबवायची नाही.

विचारात घेतलेले पर्याय

उघडी चर. सात मीटर खोल, दोन्ही बाजूंना शीट पाइल (माती-पाणी थोपवायला जमिनीत ठोकलेले, एकमेकांत अडकणारे पोलादी पत्रे), आतून टेकू, आणि प्रत्येक आडव्या वाहिनीला लोंबकळता आधार. तांत्रिकदृष्ट्या यात काहीच अशक्य नव्हतं. पण भूजल उपसल्याशिवाय जमत नव्हतं आणि चौक टप्प्याटप्प्याने अनेक महिने बंद राहिला असता. पहिल्याच बैठकीत हा पर्याय बाद झाला.

जुनीच वाहिनी फोडून तिच्या जागी मोठी ओढून आणणं, म्हणजे पाइप बर्स्टिंग. ही पद्धत एक-दोन आकार मोठी वाहिनी घालायला चांगली. ६०० वरून थेट १,२०० म्हणजे चौपट आडवा छेद. तेवढी माती बाजूला ढकलली तर वरचा रस्ता आणि शेजारची जलवाहिनी दोन्ही उचलल्या जातील. शिवाय जुनी वाहिनी बरीच उथळ होती.

दिशानियंत्रित आडवं ड्रिलिंग, म्हणजे एचडीडी. याचा आग्रह काही जणांनी बराच धरला, कारण मशीन सहज मिळतं, शाफ्ट, म्हणजे दोन्ही टोकांचे खोल उभे खड्डे, लागत नाहीत आणि काम झपाट्याने होतं. नदी ओलांडायला किंवा दाबाची जलवाहिनी टाकायला ही पद्धत उत्तमच आहे. इथे तिला एका साध्या हिशेबाने बाद केलं. ड्रिलच्या टोकाजवळचा प्रक्षेपक जमिनीवरून शोधणाऱ्या यंत्राची खोलीतली चूक साधारण खोलीच्या पाच टक्क्यांपर्यंत असू शकते. सात मीटरला पाच टक्के म्हणजे ३५ सेंटिमीटर. आणि १६८ मीटरमध्ये ५०० ला १ उताराने मिळणारी एकूण घसरण ३४ सेंटिमीटर! मापनातली चूकच पूर्ण उताराएवढी. वर उच्चदाबाच्या केबल आणि पोलादी सळ्यांच्या काँक्रीटचा भुयारी मार्ग असल्याने सिग्नल आणखी बिघडला असता. १,२०० मिमीच्या पाइपसाठी दीड मीटरहून मोठं भोक वाळूत उघडं ठेवायचं, तेही दाबाच्या बेंटोनाइटवर (एका चिकणमातीचा पाण्यातला पातळ चिखल), आणि तो चिखल फटीतून वर येऊन रस्त्यावर फुटण्याची भीती वेगळीच.

यावर एक उपपर्याय पुढे आला: उताराचा प्रश्नच काढून टाका, पंपिंग स्टेशन बांधा आणि दाबाची वाहिनी एचडीडीने टाका. कागदावर हे सुटसुटीत दिसतं. पण ऐन पावसात वीज गेली की पुन्हा तीच उलटणारी मॅनहोल, आणि पंपांचा खर्च वाहिनी असेपर्यंत चालूच. हा पर्याय नाकारला गेला. माझ्या मते ते योग्यच झालं.

ऑगर बोअरिंग. पोलादी केसिंग पुढे ढकलायचं आणि आत फिरणाऱ्या स्क्रूने माती मागे आणायची. कोरड्या, चिकट जमिनीत हे स्वस्त आणि भरवशाचं. पण याचं तोंड उघडं असतं. पाण्याखालची वाळू त्यातून आपणहून वाहत येते आणि वर रस्त्याखाली पोकळी तयार होते.

मायक्रोटनेलिंग. पुढे बंद तोंडाचं कटरहेड (माती कापणारी फिरती चकती), तोंडाशी दाबाखाली स्लरी, म्हणजे कापलेली माती वाहून नेणारा पातळ चिखल, मागून शाफ्टमधल्या जॅकने एकामागून एक ढकलले जाणारे काँक्रीटचे पाइप, आणि दिशा दाखवायला लेझर. माणूस वर केबिनमध्ये बसून चालवतो. हे तंत्र १९७० च्या दशकात जपानमध्ये आकाराला आलं. पाइप ढकलण्याची मूळ कल्पना त्याहून जुनी, एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस अमेरिकेत रेल्वेरुळांखाली वापरलेली. भूजल उपसावं लागत नाही, उतार २५ मिमीच्या आत राखता येतो. जमीन बसण्याचा अंदाज भूतंत्र अभियंते राल्फ पेक यांनी १९६९ मध्ये मांडलेल्या वक्राने काढला: मशीनच्या छेदाच्या २ टक्के माती जास्त निघाली असं धरलं तर रस्त्यावर सुमारे ५ मिमी. मर्यादेच्या निम्मं.

पद्धत ठरली. त्यावर नंतरही कुणी शंका घेतली नाही, आणि घ्यायला जागाही नव्हती.

मार्गाची निवड आणि एक अनुत्तरित प्रश्न

मार्ग दोन होते. ‘अ’ सरळ, चौकाच्या मधून, भुयारी मार्गाच्या खालून, एकाच टप्प्यात. ‘ब’ चौकाच्या पश्चिम कडेने, ३१ मीटर जास्त लांब, मध्ये एक वळण आणि त्या वळणावर जादा शाफ्ट. पण भुयारी मार्गाला अजिबात न शिवणारा. ‘ब’ मार्ग एका जुन्या दगडी इमारतीच्या पायापासून चार मीटरवरून जात होता.

गटाने ‘अ’ निवडला. भुयारी मार्गाचे बांधकामाचे नकाशे मिळाले होते, तळाची पातळी आत उतरून मोजून खात्री केली होती, मधलं अंतर पुरेसं होतं.

या बैठकीला मलनिस्सारण विभागातून निवृत्त झालेले एक सुपरवायझर आले होते. जुनी मॅनहोल नेमकी कुठे ते दाखवायला त्यांना बोलावलं होतं. मॅनहोलचं बोलणं झाल्यावर त्यांनी विचारलं, “साहेब, हा भुयारी मार्ग बांधला तेव्हा पाणी कसं थोपवलं होतं? इथे तर दहा फुटांवर पाणी लागतं.” इतिवृत्तात या प्रश्नापुढे उत्तर असं नोंदलेलं आहे: ‘भुयारी मार्गाचे नकाशे उपलब्ध. तळ ४.५ मी. पुरेसे अंतर आहे.’

प्रश्न होता बांधलं कसं याचा. उत्तर दिलं गेलं ते काय बांधलं याचं. पुढचं जवळजवळ सगळं प्रकरण या एका ओळीतून निघालं.

कायमच्या बांधकामाचे नकाशे जपले जातात. तात्पुरत्या कामाचे नकाशे ठेकेदाराकडे असतात आणि काम संपलं की त्याच्या गोदामात जिरतात. पाण्याखालच्या वाळूत साडेचार मीटर खोल खड्डा करायचा तर शीट पाइल ठोकावेच लागतात, आणि ते तळाच्या बरेच खाली न्यावे लागतात, नाहीतर खालून पाणी उसळतं. काम झाल्यावर ते उपटणं अवघड गेलं तर वरचा भाग कापून बाकीचे तसेच सोडतात. हे कोणताही अनुभवी साइट इंजिनिअर झोपेतही सांगेल. त्या खोलीत तसे तीन-चार जण तरी होते. पण त्या दिवशीच्या विषयपत्रिकेवर ‘युटिलिटी’, म्हणजे जलवाहिनी-केबलसारख्या भूमिगत सेवा, होत्या, आणि सोडून दिलेले शीट पाइल म्हणजे युटिलिटी नव्हेत.

सर्वेक्षण नीट झालं होतं, हेही सांगायला हवं. भूमिगत सेवांचं सर्वेक्षण किती विश्वासार्ह हे ठरवायला अमेरिकेतल्या सिव्हिल इंजिनिअरांच्या संस्थेचं ३८ क्रमांकाचं मानक चार पातळ्या देतं: नुसत्या कागदपत्रांपासून ते खड्डा करून डोळ्यांनी पाहण्यापर्यंत. इथे जलवाहिनी आणि केबल या दोन्हींसाठी वरची पातळी गाठली होती. मात्र चाचणी खड्डे दोन-अडीच मीटरच खोल होते आणि नेमके भुयारी मार्गालगत एकही नव्हते. जमिनीत रडार लहरी सोडून केलेलं सर्वेक्षण चिकणमातीत फार खोल पोहोचलं नाही. आणि जमीन तपासायला घेतलेल्या पाच बोअरपैकी चौकाच्या मधला बोअर वाहतुकीची परवानगी न मिळाल्याने २५ मीटर बाजूला सरकवला गेला.

जोखमींच्या यादीत ‘अज्ञात अडथळा’ होता. त्यापुढे उपाय होता: ‘आवश्यक तिथे सुटकेचा शाफ्ट.’ म्हणजे अडकलेल्या मशीनपर्यंत वरून खोदलेला खड्डा. पण मार्गाच्या मधल्या ७० मीटरच्या डोक्यावर एकतर जलवाहिनी होती, नाहीतर केबल, नाहीतर भुयारी मार्ग. तिथे शाफ्ट खोदायला जागाच नव्हती.

काम सुरू

पाठवणीचा शाफ्ट आणि स्वीकाराचा शाफ्ट दोन्ही वेळेत झाले. जॅकिंगचा अंदाज असा: पाइपचा बाहेरचा व्यास १.४५ मीटर, म्हणजे प्रत्येक मीटरला साधारण साडेचार चौरस मीटर पृष्ठभाग मातीला घासणार. बेंटोनाइटचं वंगण व्यवस्थित पोहोचलं तर घर्षण चौरस मीटरला २ ते ५ किलोन्यूटन, नाही पोहोचलं तर १० च्या पुढे. पूर्ण १६८ मीटरला ५ धरून आणि तोंडावरचा रेटा मिळवून सुमारे ४३० टन. जॅक ज्या भिंतीला टेकून ढकलतात ती मागची थ्रस्ट वॉल ५०० टनांना घेतली. ‘लागणार नाही, पण असू दे’ म्हणून एक इंटरजॅक, म्हणजे पुढचे पाइप वेगळे ढकलणारा मधला जॅक, पाइपांच्या साखळीत बसवला. आढाव्यात हा निर्णय सगळ्यात जास्त वाखाणला गेला.

पहिले नव्वद मीटर कंटाळवाणे गेले, आणि बोगद्याच्या कामात कंटाळा म्हणजे शुभ लक्षण. मिनिटाला ५०-६० मिमी वेग, रेषेपासूनची चूक ८ मिमीच्या आत, रस्ता ३ मिमी बसलेला.

९४ व्या मीटरला

मशीनमागे छत्तीस पाइप होते. वेग अचानक मिनिटाला ४-५ मिमीवर आला. कटरहेडचा टॉर्क (फिरवायला लागणारा जोर) वर चढायचा, झटक्याने खाली यायचा, पुन्हा चढायचा. गोटा लागला की साधारण असंच होतं, म्हणून ऑपरेटरने वेग कमी करून दळत राहायचं ठरवलं. ठेकेदाराच्या कार्यपद्धतीत नियम होता: टॉर्क ८० टक्क्यांच्या वर दहा मिनिटं राहिला तर थांबा आणि कळवा. प्रत्यक्षात मशीन चाळीस मिनिटं दळत राहिलं.

खुलासा केबिनमधल्या आकड्यांनी केला नाही. वर स्लरीतून माती वेगळी करणाऱ्या प्लांटवर एक मदतनीस थरथरत्या चाळणीवरचे गोटे फावड्याने बाजूला करत होता. ओल्या वाळूत त्याला नखाएवढे चकचकीत तुकडे दिसले, एका बाजूने चंदेरी, दुसऱ्या बाजूने गंजाचा तपकिरी थर. त्याने पंपाच्या दुरुस्तीच्या पेटीतलं लोहचुंबक आणून चाळणीवर धरलं, तर त्याला तुकड्यांची मिशी फुटली. तो तसाच चुंबक घेऊन केबिनकडे गेला.

मशीन थांबवलं तेव्हा नाक १८ मिमी वर उचललं गेलं होतं. रेटा १९० टन होता.

दोन तासांत कुणीतरी निवृत्त सुपरवायझरांना फोन केला. ते आले, जागा पाहिली आणि एवढंच म्हणाले, “एक ओळ लागली म्हणजे दुसरीही असणार.” भुयारी मार्गाच्या दोन्ही भिंतींबाहेर शीट पाइल असणार हे उघड होतं. पहिली ओळ ९४ मीटरला, दुसरी तिथून सहा-सव्वासहा मीटर पुढे.

अडकल्यानंतरचे पर्याय

मायक्रोटनेलिंगमध्ये मशीन मागे घेता येत नाही. पाइप एकमेकांना नुसते टेकलेले असतात, ओढलं तर सुटतात. आणि थांबून राहणंही फुकट नसतं: वंगण मातीत मुरतं, वाळू पाइपला आवळून बसते, आणि पुन्हा हलवायला लागणारा रेटा रोज वाढतो. त्यामुळे प्रत्येक पर्यायाला वेळेचं मापही लावावं लागलं.

पहिला पर्याय, दळत राहणं. काँक्रीट किंवा लाकूड असतं तर हे चाललं असतं. शीट पाइलचा पत्रा कापला जाण्याऐवजी वाकतो आणि कटरहेडला गुंडाळतो. दुसऱ्या ओळीसाठी मशीन शिल्लकही राहिलं नसतं.

दुसरा, मशीनच्या आतून तोंडाशी माणूस पाठवणं. १,२०० मिमीच्या पाइपमधून नव्वद मीटर वाकून जायचं, पुढे दार उघडलं की पाण्याखालची वाळू. ग्राउटने (जमिनीत दाबून मुरवलेल्या, घट्ट होणाऱ्या मिश्रणाने) जमीन घट्ट केली तरी निसटायला एकच वाट, तीही त्याच पाइपमधून. सुरक्षा अधिकाऱ्याने यावर चर्चाच होऊ दिली नाही.

तिसरा, रस्त्यावरून सुटकेचा शाफ्ट. यादीतला अधिकृत उपाय. नेमक्या त्या जागी वर उच्चदाबाच्या केबल होत्या. त्या वळवायला आणि चौकाचा अर्धा भाग बंद करायला किमान सात-आठ आठवडे लागणार होते.

चौथा पर्याय दुसऱ्या दिवशी ठेकेदाराच्या साइट इंजिनिअरने मांडला. जमिनीखाली साडेतीन-चार मीटरवर एक रिकामी खोली आपल्याकडे आधीपासून आहे, मग रस्ता कशाला उघडायचा? बंद भुयारी मार्गात उतरायचं, त्याची फरशी दोन ठिकाणी फोडायची, खाली छोटे खड्डे उतरवायचे, भिंतीच्या पायाखालून बाहेर जायचं आणि दोन्ही ओळींत आतून खिडक्या कापायच्या.

याला धोके होते. फरशी भूजलाच्या मीटरभर खाली होती, म्हणजे आधी ग्राउटिंग केल्याशिवाय ती फोडणं म्हणजे पाण्याला दार उघडून देणं. ग्राउट मशीनभोवती जाऊन घट्ट बसला तर मशीन कायमचं अडकणार. आणि बंदिस्त जागेत गॅस कटिंग. तरीही निर्णयाचा कल लवकर ठरला, कारण यात फक्त एका विभागाची परवानगी लागत होती आणि ती चार दिवसांत मिळाली.

प्रत्यक्ष सुटका

पहिलं काम थांबलेल्या साखळीला जिवंत ठेवण्याचं. थांबण्याआधी इंटरजॅक सुमारे २०० मिमी उघडा राहिला होता. त्याचा दाब सोडून मागच्या जॅकने मागचे पाइप दर पाळीला १०-१५ मिमी पुढे घ्यायचे, असं सुरू केलं. सोबत वंगणाचं पंपिंग चालू. पुढचे पाइप जागच्या जागी, पण मागची मोठी लांबी निदान मोकळी राहिली. दोनशे मिमी ही शिल्लक फार नव्हती. ती आठवडाभरात संपली. पुढे फक्त वंगणावर भिस्त होती.

भुयारी मार्गात हवा खेळती करण्यासाठी पंखे लावले, गॅस मोजणारी यंत्रं ठेवली. फरशीतून उभी आणि तिरकी भोकं पाडून सिलिकेटवर आधारित जेल वाळूत मुरवलं. जेलची ताकद मुद्दाम कमी ठेवली, नंतर कटरहेडला ती सहज कापता यावी म्हणून. मशीनच्या बाजूला जेल जाण्याआधी मशीनमधूनच जाड बेंटोनाइट बाहेर दाबून त्याचं आवरण केलं. जेल देताना तळाची स्लॅब ३ मिमी उचलली गेली. तिथेच दाब कमी केला.

मग फरशी कापून, पोलादी प्लेटांचं अस्तर लावत, साडेतीन-पावणेचार मीटरचे दोन खड्डे उतरवले. भिंतीखालून आडवं मीटरभर गेल्यावर पत्रा दिसला. पहिल्या ओळीत मशीनच्या नाकाने तो साधारण ६० मिमी आत ढकलला होता, आणि त्या फुगवट्यावर कटरच्या दातांच्या गोलाकार रेघा पलीकडून उमटलेल्या दिसत होत्या.

कापण्याआधी प्रत्येक पट्टीत १२ मिमीचं भोक पाडून पाणी येतंय का ते बघायचं, असा नियम केला. चार भोकं कोरडी निघाली. पाचवं दोन पत्रे एकमेकांत अडकतात त्या लॉकजवळ होतं. तिथून बोटभर जाड धार आली, वाळू घेऊन. लाकडी खुंटी ठोकून भोक बंद केलं, जेलची आणखी एक फेरी दिली आणि मगच गॅस कटर पेटवला. कापणाऱ्याने लॉक शेवटी ठेवले, कारण तिथे पोलाद दुहेरी आणि पाणी दबा धरून. १.८ मीटर व्यासाची एक खिडकी म्हणजे जवळपास चारशे किलो पोलाद. ते सहा तुकड्यांत कापून भुयारी मार्गाच्या जिन्यावरून हातांनी वर आणलं. पहिल्या खिडकीच्या वेळी पाइपांवरचा रेटा सोडून साखळी ४० मिमी मागे सैल होऊ दिली होती, कटरहेड आणि पत्रा यांच्यात फट मिळावी म्हणून.

दोन्ही खिडक्या झाल्यावर खड्डे आणि आडव्या पोकळ्या कमी ताकदीच्या बेंटोनाइट-सिमेंट मिश्रणाने भरल्या. पूर्ण थांबा २६ दिवसांचा झाला.

पुन्हा सुरू करताना जॅकचा काटा २५० टनांवर गेला, ३०० वर गेला, पाइप हलेनात. ३४० टनांना साखळी सुटली, आणि दहा मीटर गेल्यावर रेटा पुन्हा दोनशेच्या आसपास आला. दुसरी खिडकी मशीनने नुसत्या टॉर्कच्या हलक्या झटक्याने ओलांडली.

निष्पत्ती

मशीन स्वीकाराच्या शाफ्टमध्ये बाहेर आलं तेव्हा शेवटचा रेटा २८५ टन होता. उतारातली सगळ्यात मोठी चूक २२ मिमी, ती ९४ मीटरच्या जागीच. मर्यादा २५ ची. जलवाहिनीवर जमीन ६ मिमी बसली, एकही सांधा गळला नाही. चौक एक दिवसही बंद झाला नाही. वाहिनी सुरू झाल्यावर जुनी वाहिनी पातळ सिमेंट मिश्रणाने भरून बंद केली.

देयकाचा वाद मात्र झाला. करारात जमिनीबद्दलची गृहीतकं लिहिलेली होती आणि त्यात पोलादी अडथळ्याचा उल्लेख नव्हता. त्यामुळे २६ दिवसांचा थांबा आणि सुटकेचा खर्च काम देणाऱ्या यंत्रणेने मान्य केला. कटरहेडच्या दुरुस्तीचा खर्च मात्र नाकारला, कारण ते नुकसान दहा मिनिटांनंतरच्या दळण्यात झालं होतं. मला हा निवाडा बरोबर वाटतो. थांबण्याचा नियम ठेकेदाराने स्वतःच लिहिला होता.

वेगळं काय करता आलं असतं

थांबण्याचा निर्णय एकट्या ऑपरेटरवर सोडणं चूक होतं. तो आकडे बघतो. आकडे गोटा आणि पोलाद यांत फरक करत नाहीत. चाळणीवरच्या माणसाला मात्र फरक कळला. त्या प्लांटवर कायमचं चुंबक लावणं आणि तिथल्या माणसाला ‘थांबा’ म्हणण्याचा अधिकार देणं, या दोन गोष्टी नंतरच्या कामात केल्या गेल्या.

सुटकेच्या उपायापुढे जागा लिहायला हवी होती. मार्गावर दर दहा-पंधरा मीटरला ‘इथे अडकलो तर कुठून पोहोचायचं’ असा प्रश्न नकाशावर टाकला असता, तर भुयारी मार्ग हाच मधल्या भागातला एकमेव प्रवेश आहे, हे मशीन उतरण्याआधीच दिसलं असतं.

मधला बोअर सरकवला तेव्हाच त्याच्या बदल्यात भुयारी मार्गाच्या फरशीतून एक तिरका बोअर घेता आला असता. त्याला वाहतुकीची परवानगी लागत नव्हती. तो भिंतीबाहेर जाताना पत्र्याला नक्की लागला असता.

आणि स्वतःचे शाफ्ट बांधताना ठोकलेले काही शीट पाइल याही ठेकेदाराला उपटता आले नाहीत. ते कापून खाली सोडले. आढाव्यात आग्रह धरून त्यांची जागा, वरची आणि खालची पातळी मलवाहिनीच्या कायमच्या नकाशावर काढून घेतली. आधी ती ‘तात्पुरतं काम’ म्हणून वगळली होती.

एका मुद्द्यावर आढावा गटाचं आणि माझं जमलं नाही. बहुतेकांचं म्हणणं, ‘ब’ मार्ग घ्यायला हवा होता. मला ते पटत नाही. ‘ब’ मार्गावर जादा शाफ्ट होता, वळण होतं, आणि शंभर वर्षं जुनी भिंत चार मीटरवर होती. तिच्या पायाबद्दल आपल्याला भुयारी मार्गाहूनही कमी माहिती होती. सुपरवायझरांच्या प्रश्नाला त्या बैठकीत नीट उत्तर मिळालं असतं, तर ‘अ’ मार्ग ठेवूनच त्या दोन खिडक्या मशीन येण्याआधी, सावकाश, मागे छत्तीस पाइपांची साखळी ताटकळत नसताना कापता आल्या असत्या. जेल तेच, खड्डे तेच, माणसंही तीच; १८ मिमी उचललेलं नाक, ३४० टन आणि कटरहेडचा वाद तेवढे टळले असते.